बंद करू नका

पस्तिशी ओलांडल्यावर नापास होणं म्हणजे काय, ते ज्याचं त्यानंच भोगावं. शाळेत निदान रडायची सोय असते. इथे परीक्षा केंद्रातली मुलगी हसतमुखानं म्हणते, "पुन्हा बसता येतं हं मॅडम," आणि आपण तिला थँक्यू म्हणून, लॉकरमधली पर्स काढून, शहाण्यासारखं बाहेर पडायचं असतं.

ती शहाण्यासारखी बाहेर पडली आणि बसथांब्यावर उभी राहून पोटभर रडली. थांब्यावरच्या लोकांना वाटलं असेल, हिचं कोणीतरी गेलं.

लहान मुलांच्या हृदयाच्या दवाखान्यात कॉम्प्युटरचं सगळं ती एकटी बघायची. सगळं म्हणजे अगदी सगळं. प्रिंटर रुसला, बोलवा तिला. पासवर्ड विसरला, बोलवा तिला. भिंतीवरचं घड्याळ बंद पडलं तरी बोलवा तिला, कारण त्यालाही वायर होती. डॉक्टरांपासून झाडूवाल्या मावशींपर्यंत सगळे तिला कॉम्प्युटरताई म्हणत, आणि खोटं कशाला बोला, तिला ते आवडायचं. आता दवाखाना नव्या इमारतीत जाणार होता. तिथल्या मालकांची अट होती, यंत्रणा सांभाळणारा माणूस सर्टिफिकेटवाला हवा. म्हणून ही परीक्षा, आणि म्हणूनच ही शोभा.

नवरा गणिताचा मास्तर. त्यानं धीर वगैरे दिला नाही, मास्तरी प्रश्न विचारला. "कशात गेलं?"

तिनं मोबाइलवर निकाल दाखवला. बाकी सगळं काठावर होतं. साफ बुडालेला भाग एकच, डेटाची प्रत ठेवणं आणि वेळ पडली तर ती परत मिळवणं.

"अगं, पण हे तर तू रोज करतेस!"

"तेच तर ना," ती म्हणाली.

एक प्रश्न तिच्या डोक्यातून जाईना. रोजची प्रत नीट निघाली, हे कशावरून ठरवाल? तिनं डोळे झाकून उत्तर दिलं होतं, प्रोग्रॅमनं तसं कळवल्यावर. दवाखान्यात रोज सकाळी चहाचा कप हातात घेऊन ती हेच तर करत होती. पडद्यावर हिरवी टिक दिसली की झालं, दिवसाला सुरुवात. घरी पुस्तक उघडून पाहिलं, तर उत्तर वेगळंच. प्रत परत उघडून, आतलं डोळ्यांनी पाहिल्यावर.

डोळ्यांनी तिनं कधीच पाहिलं नव्हतं.

सोमवारी जेवणाच्या सुट्टीत डबा तसाच ठेवून ती जिन्याखालच्या खोलीत गेली. तिथे ते जुनं मशीन रात्रंदिवस घरघरत असायचं. दवाखान्यात आलेल्या प्रत्येक मुलाच्या हृदयाची चित्रं त्याच्या पोटात होती. शेजारी छोटी पेटी, त्यात रोजची प्रत. तिनं प्रतीमधून एका मुलीची फाइल मागवली. नाव आलं. जन्मतारीख आली, वजन आलं, आईचा फोन नंबर आला. चित्राच्या जागी काळा चौकोन. असेल काही, म्हणून दुसरी मागवली. काळा चौकोन. तिसरी मागवली. तीही काळी.

कारण शोधायला फार वेळ लागला नाही, आणि तेच वाईट होतं. काही वर्षांपूर्वी मशीनची डिस्क भरली तेव्हा तिनंच नवी डिस्क बसवून सगळी चित्रं तिच्यावर हलवली होती. प्रत काढणाऱ्या प्रोग्रॅमला ते सांगायचं राहून गेलं. तो बिचारा इमानेइतबारे जुन्या, रिकाम्या जागेची प्रत कालच्या प्रतीवर चढवत राहिला आणि रोज सकाळी हिरवी टिक देत राहिला. म्हणजे इतका काळ नावं जपली जात होती, हृदयं नाही.

तिनं तिथल्या तिथे खरी प्रत काढायला लावली. थोडा वेळ बरं चाललं. मग मशीनमधून आवाज आला. टक. थोड्या वेळानं पुन्हा, टक. टक.

तो आवाज तिच्या ओळखीचा होता. तेव्हाची ती नवी डिस्कही आता म्हातारी झाली होती. प्रत मुंगीच्या पावलानं पुढे सरकायची, मध्येच अडायची, पुन्हा पहिल्यापासून सुरू करावी लागायची. आणि अशी डिस्क फिरतेय तोवर फिरते. लांबून चालत आलेला म्हातारा एकदा टेकला की उठायचं नाव घेत नाही, तसं तिचं असतं. एकदा थांबून गार पडली, की पुन्हा फिरेल याची खात्री देव आला तरी देणार नाही.

आणि रविवारी दवाखाना हलायचा होता.

ती साहेबांकडे गेली. साहेब म्हणजे दवाखान्याचे व्यवस्थापक. माणूस वाईट नव्हता, घाईत होता. टेबलावर नव्या इमारतीचे नकाशे, कानाला फोन.

"साहेब, प्रतीत चित्रं नाहीयेत. पूर्ण प्रत निघेपर्यंत मशीन बंद करायचं नाही. मला अजून वेळ लागेल."

"काल टिक होती?"

"होती, पण..."

"आज आहे?"

"आहे. पण साहेब, ती टिक खोटी आहे."

साहेबांनी फोन खाली ठेवला आणि तिच्याकडे अशा मायेनं पाहिलं की तिला तिथेच रडू आलं असतं. "ताई, रागावू नका, पण तुम्ही परीक्षा मनाला फार लावून घेतलीय. माझ्या मेव्हण्याचं असंच झालं होतं. गाडीच्या परीक्षेत नापास झाला, तर महिनाभर त्याला सगळ्या गाड्यांचे ब्रेक खराब वाटायचे. रविवारी सकाळी पुन्हा पेपर आहे ना? जा, अभ्यास करा."

बघा, आता काय म्हणायचं याला! पास झालेली असती तर हिला शंकाच आली नसती. नापास झाली म्हणून कळलं, आणि नापास झाली म्हणूनच कोणी ऐकेना.

मोठ्या डॉक्टरबाईंनी ऐकलं असतं. ती त्यांच्या खोलीत गेलीही. बाई दोन चित्रं शेजारी शेजारी लावून बसल्या होत्या.

"ये गं, बघ. हे भोक दिसतंय? मागच्या वर्षीही एवढंच होतं. वाढलं नाही, म्हणून मी हात लावत नाही. हे मागचं चित्र नसतं, तर या पोराला उगाच टेबलावर घेतलं असतं." त्यांनी चष्मा वर केला. "तू काय म्हणत होतीस?"

ती म्हणाली, "काही नाही, मशीनचा थोडा प्रॉब्लेम आहे."

थोडा! अगं बाई, बोल की! पण गेल्या आठवड्यापासून तिच्या जिभेवर कोणी ओझं ठेवलं होतं. तोंड उघडायच्या आधीच मनात यायचं, आपण नापास, आपल्याला काय कळतंय. त्यात चूक आपलीच. खापर आपल्याच डोक्यावर फुटणार.

"चित्रं आहेत ना?" बाईंनी विचारलं.

"आज आहेत."

"मग उद्या कुठे पळून जातायत?" बाई हसल्या. आणि हीही हसली.

आठवडाभर ती येता-जाता जिन्याखाली डोकावत राहिली. टक. टकटक. रोज आवाज दाट होत गेला. झाडूवाल्या मावशी म्हणाल्या, "ताई, त्यात पाल शिरलीय का हो?" शनिवारी संध्याकाळी पाहिलं, तर मूठभर मुलांची चित्रं प्रतीत आली होती. बाकी सगळी अजून त्या म्हाताऱ्या डिस्कवर.

"मी उद्या परीक्षेला जात नाही," तिनं नवऱ्याला सांगितलं. "मशीनपाशी बसते."

नवऱ्यानं वह्या तपासणं थांबवलं. "आणि नोकरी गेली की? सर्टिफिकेट नाही म्हणून सोमवारी दुसरा माणूस आणतील. तो तुला त्या मशीनच्या जवळ तरी उभं करेल का? पास हो, मग बघ, तुझ्या शब्दाला वजन येतं की नाही."

त्याचं गणित चुकीचं नव्हतं. तिनं साहेबांना फोन लावला. "साहेब, माझ्यासाठी एवढं करा. मी येईपर्यंत मशीनला कोणी हात लावू नका."

"नाही लावत हो. तुम्ही आल्यावरच. झालं समाधान?"

मागून सामान बांधणाऱ्यांचा गलका ऐकू येत होता. साहेबांचा आवाज, घरून निघताना आपण मुलाला "हो हो, आणतो" म्हणतो ना, तसा होता. तिला ते कळलं. कळूनही तिनं "थँक्यू" म्हटलं. मशीनवर तिनं आधीच मोठ्या अक्षरात कागद चिकटवला होता, बंद करू नका. त्यावर विसंबून ती झोपायला गेली, पण झोप कसली येतेय.

रविवारी तिचा फोन लॉकरमध्ये गेला आणि ती पडद्यासमोर बसली. प्रश्न सोपे वाटायला लागले. आठवडाभर जिन्याखाली उभं राहून ती जे शिकली, ते कुठल्या पुस्तकात नव्हतं. जुनी डिस्क आवाज करू लागल्यास सर्वप्रथम काय कराल? बंद न करता आधी प्रत काढा, या उत्तरावर तिनं खूण केली. तिला वाटलं, उठावं. आत्ता, या क्षणी उठून पळत सुटावं. दोन पावलांवर दार होतं. पण साहेबांनी शब्द दिला होता, आणि पेपर थोडाच उरला होता. ती बसून राहिली. बसून राहिली, आणि एकेक उत्तर बरोबर देत गेली.

शेवटचं बटण दाबलं. उत्तीर्ण. नुसतं उत्तीर्ण नाही, चांगलं घसघशीत.

"अभिनंदन मॅडम! बघा, म्हटलं नव्हतं मी?" केंद्रातली मुलगी म्हणाली. तिनं लॉकर उघडला. फोन आत थरथरत होता, कधीपासून कोण जाणे.

"ताई," साहेब म्हणाले. आवाज ओळखू येईना. "गाडी लवकर आली हो. माणसं खोळंबली होती. इथे आणून लावलंय सगळं, पण ते सुरूच होत नाहीये. नुसता आत वाळू घोळवल्यासारखा आवाज येतोय. तुम्ही पास झालात का?"

"झाले."

"मग सांगा ना. तुम्ही म्हणाल तसं करतो. आता काय करायचं?"

काय करायचं ते तिला नेमकं माहीत होतं. या क्षणाला तिथल्या कोणाहीपेक्षा जास्त माहीत होतं. ती भिंतीला टेकली. समोर त्या मुलीनं निकालाचा ताजा कागद धरला होता, घ्या ना मॅडम म्हणत होती.

"पहिलं म्हणजे वीज काढा. पुन्हा सुरू करून बघू नका, आहे तेही खरवडून जाईल. आणि डॉक्टरबाई तिथे आहेत का? त्यांना फोन द्या."

"त्यांना कशाला? त्या खोल्या बघतायत. आधी आपण..."

"साहेब, त्यांना फोन द्या."

थोडी खुडबुड झाली. मग बाईंचा आवाज आला, प्रसन्न. "काय गं, कसा गेला पेपर?"

"बाई, मुलांची चित्रं गेली. मूठभर सोडली तर सगळी. प्रतीत ती नव्हतीच, आणि ती चूक माझी आहे. मला सोमवारपासून माहीत होतं. तुमच्या खोलीत येऊन मी हसून निघून गेले."

 पलीकडे कोणीतरी टेबल ओढत होतं.

"उद्या सकाळी तो मुलगा येतोय," बाई म्हणाल्या. "त्या दिवशी दाखवला तो. आता मी कशाशी ताडून बघू? त्याच्या आईला काय सांगू?"

"तुम्ही नका सांगू," ती म्हणाली. "त्याच्या आईला मी सांगते."