तिसरी ओळ

या, असे जवळ या. मागे कशाला बसता, पुढे भरपूर जागा आहे. बोलता बोलता गाणं होऊन जाणाऱ्या प्रवचनाची ज्यांना गोडी असेल, त्यांनी तर माझ्या अगदी समोर बसावं. एका अख्ख्या मंडळीने कुणीही न रचलेली ओळ कशी गायली, आणि ती गाताना एका भल्या बाईच्या पोटातली जळजळ कशी वर आली, ते आज तुम्हाला सांगायचं आहे.

बाईचं नाव ओझेला टॅप्ली. अलाबामात कापसाची जुनी शेतं संपून पाइनची झाडी सुरू होते, तिथे आमचं बेउला ग्रोव्ह चर्च आहे. त्या चर्चमध्ये ओझेला एकोणतीस वर्षं ओळ देत होती. आमच्या जुन्या गीतांना पुस्तक नाही. एकाने उभं राहून एक ओळ झरझर म्हणायची, मग सगळ्या मंडळीने तीच ओळ सावकाश, लांबवत, वळणं घेत गायची. ती विरत आली की पुढची ओळ. गुलामीत असलेल्या आमच्या खापरपणज्यांना अक्षर शिकायची बंदी होती, तेव्हापासूनची ही रीत. कानावर पडेल ते गायचं, मध्ये विचारायचं नाही. आणि ओळ चांगली पडली की पाळकांना सूर सापडतो, प्रवचन जमिनीवरून उठतं, आणि मग घरी कोंबडी करपली तरी कुणाला पर्वा नसते.

तर ईस्टर झाला. ईस्टरला नव्या टोप्या, नवे बूट, बाकांवर दाटी. पुढच्या रविवारी मात्र निम्मे बाक रिकामे, हे ठरलेलं. त्या रविवारसाठी मंगळवारी संध्याकाळी चौघं जण चर्चमागच्या जेवणाच्या खोलीत बसले. रेव्हरंड होझिया लिडेल, वय चौतीस, बर्मिंगहॅमहून येऊन तीन वर्षं झालेले. चर्चचा कारभार पाहणारे म्हातारे डीकन ऑर्विल स्नीड. ओझेला. आणि चौथी डेल्फीन रकर. तिला पाहूनच ओझेलाच्या कपाळाला आठी पडली, कारण उपासना ठरवायला आजवर तिघंच बसत आले होते.

डेल्फीन आणि ओझेला लहानपणी एकाच बाकावर पाय हलवत वचनं पाठ करायच्या. एकोणिसाव्या वर्षी डेल्फीन डेट्रॉइटला गेली, तिथे चाळीस वर्षं शहरातली बस चालवली, नवरा गेला, आणि आता हिवाळ्यात आईच्या रिकाम्या घरात परत आली होती.

"या रविवारी," रेव्हरंड म्हणाले, "शंका आणि विश्वास. प्रभू उठला हे त्याच्या जखमेला बोट लावल्याशिवाय मानणार नाही म्हणणारा तो शिष्य. मला असं वाटतं की शंका घेणाऱ्यांना आपण फार लवकर गप्प करतो."

"आमच्या वेळी गप्प करत नव्हते," डीकन स्नीड म्हणाले. "थेट बाप्तिस्म्याच्या पाण्यात बुडवत होते. दोनदा."

रेव्हरंड हसले. ईस्टरच्या उरलेल्या पत्रकाच्या कोऱ्या बाजूवर पेन्सिलने त्यांनी क्रम लिहायला घेतला. प्रार्थना, शास्त्रपाठ, मग प्रवचनाआधीचं गीत. "आणि ओळ," ते पेन्सिल उचलून म्हणाले, "ओळ सिस्टर रकर देतील."

ओझेलाला वाटलं, ऐकण्यात चूक झाली.

"ती?" तिने विचारलं. "पास्टर, तिनेच मागच्या महिन्यात सगळ्यांसमोर सांगितलं ना, की बारा वर्षं तिने प्रार्थना केली नाही म्हणून?"

"म्हणूनच तर, सिस्टर टॅप्ली."

"मग माझं चुकलंच म्हणायचं. मीही बारा वर्षं घरी झोपून राहायला हवं होतं."

"ओझेला, मी मागितलं नाही गं," डेल्फीन म्हणाली. "मी तर नको म्हणत होते."

"नको म्हणणाऱ्यालाच ताट वाढतात हल्ली."

डीकन स्नीड खोकले. ते खोकले म्हणजे हसू दाबत होते, हे ओझेलाला ठाऊक होतं, आणि त्याने तिचा आणखीच तिळपापड झाला. घरी जाताना गाडीत ती मोठ्याने बोलत होती. नवऱ्याच्या अंत्यविधीलासुद्धा ओळ मीच दिली. ताप असताना दिली. गुडघा सुजला असताना दिली. प्रभू, मी एक दिवसही तुझ्यावर संशय घेतला नाही, आणि तू बक्षीस कुणाला देतोस? जिला तू आहेस की नाहीस हेही सांगता येत नाही तिला!

देवाशी भांडतानाही तिचा राग देवावर नव्हता. तो डेल्फीनवर होता. चाळीस वर्षं बाहेर राहून ती परत आली तर सगळं गाव तिच्याकडे असं बघायचं, जणू तीच ईस्टरला थडग्यातून उठून आली. आणि जी कुठे गेलीच नाही, तिच्याकडे कोण बघणार? रोजच्या दाराकडे कुणी बघतं का?

गुरुवारी डेल्फीन गीत शिकायला ओझेलाच्या स्वयंपाकघरात आली. हातात लोणी घालून केलेला केक. ओझेलाने तो झाकून ठेवला, कापला नाही.

गीत जुनं, बेउला ग्रोव्हचंच:

खोल दरीतुन चालत आलो
धरून तुझिया बोटाला,
हात सुटे तरि सोडु नको रे
प्रभो, तुझ्या या लेकराला.

डेल्फीनने चार-पाच वेळा म्हटलं. आवाज जाड, थोडा चिरका, बस चालवून चालवून कमावलेला. पण ओळ सोडताना शेवटचं अक्षर ती असं काही खाली उतरवायची की ओझेलाच्या हातातली शेंग मोडायची राहून गेली. ही कला आईकडून येते, नाहीतर सहजी येत नाही. ओझेलाला ती यायला सहा वर्षं लागली होती.

"कागद हातात धरला तर चालेल ना गं?" डेल्फीनने विचारलं. "माणसं कान लावून बसली की माझं डोकं पाटीसारखं कोरं होतं. म्हणून तर बस बरी वाटायची, कुणाचं माझ्याकडे लक्षच नसायचं."

"आपल्याकडे कागद धरत नाहीत," ओझेला म्हणाली.

हे खरंच होतं. पण रीत इथे संपत नव्हती. पहिल्यांदा ओळ देणाऱ्या बाईच्या पाठीमागे, दुसऱ्या बाकावर, एक जाणती बाई बसते. आपण तिला पाठराखीण म्हणू. ओळ देणारी अडली की ती हळूच पुढे वाकते आणि कानात शब्द घालते. ओझेला पहिल्यांदा उभी राहिली तेव्हा तिची मावशी त्या बाकावर होती. तेव्हापासून जी जी नवी उभी राहिली, तिच्या मागे ओझेला बसत आली. गुरुवारी तिने या बाकाचं नाव काढलं नाही. शेंगा निवडत राहिली.

रविवार उजाडला. ओझेलाने पांढरा पोशाख केला, हातमोजे घातले, आणि पुढून सहाव्या बाकावर जाऊन बसली.

"इथे कशी?" शेजारच्या बाईने विचारलं.

"पुढे पंख्याचा वारा मानेला लागतो."

दुसरा बाक रिकामाच राहिला. शास्त्रपाठ झाला आणि डेल्फीन पहिल्या बाकावरून उठली. निळा साधा झगा, हात दोन्ही बाजूंना मोकळे. तिने एकदा मागे वळून दुसऱ्या बाकाकडे पाहिलं. मग समोर पाहून पहिली ओळ दिली. मंडळीने ती उचलली, डीकन स्नीडांचा खर्ज सगळ्यांच्या खालून वाहत निघाला. दुसरी ओळ दिली. ‘बोटाला’चं शेवटचं अक्षर खाली उतरलं तसे मागच्या बाकांवर कुणीतरी हुंकारलं, "सांग, बाई, सांग!"

ओझेलाच्या आयुष्यात तिला कुणी इतक्या लवकर ‘सांग’ म्हटलं नव्हतं. दुसऱ्या ओळीलाच!

मग दुसरी ओळ विरली, आणि तिसरी आली नाही.

डेल्फीनचे ओठ हलले. पंखे फिरत होते. रेव्हरंडांनी डोळे मिटून घेतले होते, त्यांना वाटलं बाई मुद्दाम थांबली आहे. ओझेलाला कळलं. तिसरी ओळ तिच्या जिभेवर तयार होती, गोड फळासारखी, आणि ती तिने तोंडात तशीच धरून ठेवली. थांब आता. बघू दे सगळ्यांना. कुणाला उभं केलंत ते बघा.

डेल्फीनने श्वास घेतला आणि खरं ते सांगून टाकलं. पण सुरात होती ना, म्हणून सुरातच निघालं:

"पुढचं काही मला न ठाऊक..."

आणि बेउला ग्रोव्हची मंडळी, जी दीडशे वर्षं कानावर पडेल ते गात आली, ती गायली. विचारलं नाही, थांबली नाही. डीकन स्नीडांनी ‘पुढचं’ उचललं, बायकांनी ‘ठाऊक’ला तीन वळणं दिली. पुढचं काही मला न ठाऊक. भिंतींना टेकून म्हातारे गात होते, आणि मागच्या बाकावर एक धिप्पाड माणूस, ज्याला बायको दर रविवारी ओढून आणायची, तो पहिल्यांदाच तोंड उघडून गात होता.

डेल्फीनचे डोळे विस्फारले. "अगं बाई, हे काय!" असं काहीतरी तिच्या तोंडून निघणार होतं, ते तिने गिळलं, नाहीतर मंडळीने तेही गायलं असतं. मग ती म्हणाली, "सांगेल का कुणी मजला..."

सांगेल का कुणी मजला, मंडळी गायली.

आता सांगते, सहाव्या बाकावर काय झालं. ओझेलाही गात होती. सवयच ती, तोंड बंद राहीना. पुढचं काही मला न ठाऊक, हे तिच्याच गळ्यातून बाहेर पडलं आणि तिला धक्का बसला, कारण ते खोटं होतं. तिला पुढचं ठाऊक होतं. त्या खोलीत खोटं गाणारी ती एकटीच होती. मागच्या बाकावरचा तो धिप्पाड माणूससुद्धा खरं गात होता.

एकोणतीस वर्षांत तिने प्रभूसमोर खोटं गायलं नव्हतं.

ती उठली. सुजरा गुडघा, सहा बाकांचं अंतर. मधल्या वाटेने ती निघाली तेव्हा माणसं सरकली, एकदोघं म्हणाले, "हं, आता सिस्टर टॅप्ली घेणार." ते तिने ऐकलं. आणि खोटं कशाला बोलू, तिला ते गोड लागलं. पुढे जाऊन उभं राहावं, मान ताठ करावी, ओळ टाकावी. सगळ्यांनी हुश्श करावं. आपली जागा आपल्याला. चार पावलांवर होतं ते सगळं.

दुसऱ्या बाकापाशी ती थांबली. खाली बसली. पुढे वाकली आणि डेल्फीनच्या कानात बोलली.

"हात सुटे तरि सोडु नको रे!" डेल्फीनने ओळ दिली, आणि शेवटचं अक्षर असं उतरवलं की डीकन स्नीडांनी आनंदाने हातातली टोपी जमिनीवर टाकली.

त्यानंतरच्या प्रवचनाचं काय सांगू! रेव्हरंड लिहून आणलेल्या कागदाकडे वळलेच नाहीत. "मला न ठाऊक" इथूनच त्यांनी सूर धरला, तो शिष्य आला, बंद दार आलं, पुढे केलेला हात आला, आणि एक एक वाक्य पायरी चढत गेलं. बायका उभ्या, पुरुष उभे. मी पुष्कळ प्रवचनं ऐकली, पण तेवढं उंच चढलेलं फार थोडं.

उपासनेनंतर मागच्या खोलीत चिकन, हिरवी भाजी, मक्याची पोळी मांडली होती. सगळे डेल्फीनभोवती. "काय ते सुचलं, बाई! पुढचं मला न ठाऊक! तूच रचलंस?" ओझेला कोपऱ्यात ताट धरून उभी होती. तिला कुणी काही विचारलं नाही. फक्त एकीने विचारलं, मान आता बरी आहे का?

डेल्फीन गर्दीतून निसटून तिच्याजवळ आली.

"मी मुद्दाम मागे बसले," ओझेला म्हणाली. घास न घेताच म्हणाली. "त्या बाकाचं तुला सांगितलं नाही, तेही मुद्दाम."

"ठाऊक होतं गं. मी काय डेट्रॉइटात जन्मले? माझी आईच बसायची त्या बाकावर."

"मग रिकामा बघूनही बोलायला लागलीस? भरवसा होता मी येईन म्हणून?"

"छे," डेल्फीन म्हणाली. "चांगलीच शंका होती. सुरात विचारलं म्हणून, नाहीतर तुझ्या नावाने ओरडले असते."

ओझेलाला हसू आलं, आणि हसता हसता डोळे भरले. मत्सर गेला का? नाही गेला. पुढच्या महिन्यात रेव्हरंडांनी पुन्हा डेल्फीनलाच ओळ द्यायला सांगितलं, तेव्हा ओझेलाच्या पोटात पुन्हा तीच कळ आली. तिने हातमोजे चढवले, दुसऱ्या बाकावर जाऊन बसली आणि वाकायला तयार राहिली.

तेव्हा एवढं करा. परत आलेल्यांसाठी आणि शंका घेणाऱ्यांसाठी प्रार्थना करणारे पुष्कळ आहेत, त्यांची नावं मोठ्याने घेतली जातात. तुम्ही मात्र आज प्रभूपुढे बसाल तेव्हा ओझेला टॅप्लीची आठवण ठेवा. नुसतं नाव घेतलंत तरी चालेल.