अडेलतट्टूच्या पाच गोळ्या

माणसाची पारख त्याच्या निष्ठेवरून होते, आणि निष्ठेची पारख जगाने टाकून दिलेल्या वस्तूवरून. हे वाक्य मी उत्तर मिशिगनमधल्या आमच्या शिकारीच्या झोपडीत गेली नऊ वर्षं ऐकवतो आहे. शेवटपर्यंत ते फक्त रोलंडच्या कुत्र्याने ऐकलं, तेही माझ्या हातात मांस-बटाटा भरलेली पेस्टी होती म्हणून.

विषय माझ्या अर्धस्वयंचलित रायफलचा. चाप ओढला की गोळी सुटते, रिकामी पुंगळी बाहेर पडते, पुढची गोळी आपोआप चढते. रोलंड हा माझा मेहुणा. त्याच्याकडे होती तेव्हा ती दर दुसऱ्या गोळीला अडायची. त्याने तिचं नाव ‘अडेलतट्टू’ ठेवलं आणि ती मला विकली.

दोष तिचा नव्हताच. रोलंड तिला तेल पाजायचा. कडाक्याच्या थंडीत त्या तेलाचा गोंद व्हायचा. मी तिला पुसून कोरडी ठेवतो, आतून ब्रशने घासतो. पण हे शिकारीत सिद्ध करायला समोर हरीण यावं लागतं. नऊ वर्षांत आलं नव्हतं. कागदी निशाणाचा पुरावा झोपडीत कुणी धरत नाही.

हंगामाच्या पहिल्या सकाळी रोलंडने जाहीर केलं, “वॉरन, यंदा अडली तर तिची खुंटी करायची. दाराशेजारी आडवी ठोकू, ओले कोट वाळत घालायला.”

“आणि नाही अडली तर?”

“टोपी काढून माफी मागेन. सगळ्यांसमोर.”

“टोपी नको रे काढूस,” झोपडीचे मालक ओन्नीकाका कॉफी ढवळत म्हणाले. “आम्ही जेवायला बसलेले असतो.”

नऊच्या सुमारास माझ्या मचाणासमोर आठ टोकांच्या शिंगांचा नर येऊन उभा राहिला. मी चाप ओढला. पुंगळी उडाली, दुसरी गोळी चढली. पुन्हा ओढला. तिसरी. चौथी. पाचवी! पाचही पुंगळ्या बर्फात ओळीने वाफाळत पडल्या. इतकं सुंदर दृश्य मी माझ्या लग्नातही पाहिलं नव्हतं.

ओढ्यापलीकडून रोलंड धापा टाकत आला. “पाच! एका दमात पाच! मी बार मोजले.”

“अडली?”

“नाही अडली बाबा.” त्याने टोपी काढली. “मीच गाढव. तेल मीच ओतायचो.”

झोपडीत त्याने ओन्नीकाकांसमोर सगळं पुन्हा म्हटलं, उभं राहून, टोपी हातात धरून. पाच पुंगळ्या मी टेबलावर मांडल्या. काकांनी एकेक उचलून पाहिली आणि माझा हात दोन्ही हातांत घेतला. “जिंकलास पोरा. हरीण कुठे टांगलंयस?”

मी पुंगळ्या पुन्हा सरळ केल्या.

आम्ही तिघांनी अर्धा मैल माग काढला. बर्फावर रक्ताचा थेंब नव्हता. ज्याचा नेम चुकतो त्याच्या शर्टाचा मागचा घोळ कापून झोपडीच्या भिंतीवर ठोकतात; काकांनी कात्री आणली. माझ्या आग्रहावरून तुकड्यावर नावाखाली लिहिलं: ‘पाच गोळ्या. एकदाही अडली नाही.’

ठशांवरून दिसत होतं, हरीण पळालंही नव्हतं. चालत गेलं होतं.