पेंढ्याचा मान

"फेक की खाली! काड्या मोजत बसलायस व्हय वर?"

माझे सासरे, ऑर्लिन टोलेफसन, गोठ्याच्या दारातून ओरडत होते आणि माझा नवरा नील माळ्यावरून पेंढ्याचे गठ्ठे खाली लोटत होता. गठ्ठा आदळला की धुरळ्याचा लोट उठायचा. जुलैची दमट हवा, धुरळासुद्धा अंगाला चिकटून बसायचा. मी इवरला कडेवर घेऊन लांब उभी होते. दीड वर्षाचं पोर, हाताला लागेल ते थेट तोंडात.

दुसऱ्या दिवशी चर्चची जत्रा. दरवर्षी अंगणात पेंढ्याचा ढीग घालायचा, त्यात पेपरमिंटच्या गोळ्या लपवायच्या आणि चालायला लागलेली गावातली सगळी पोरं त्यात सोडायची. पेंढा टोलेफसनांचाच. हा मान सासऱ्यांच्या आजोबांपासून घरात आहे आणि आमच्या घरात मान गाईपेक्षा जास्त पोसला जातो. आता जुलैत ओटचं पीक शेतात उभं, नवा पेंढा यायचा कुठून? म्हणून गेल्या वर्षीचाच निघतो. वर्षभर माळ्यावर पडलेला. आणि माळ्यावर आमची रॅकूनबाई, डोळ्यांभोवती काळा पट्टा असलेलं मांजराएवढं रानटी जनावर.

आमची म्हणायचं कारण सासूबाई. वर्नाआई तिला रोज पायरीवर उरलेले पॅनकेक घालतात. मी एकदा वाटीभर सूप टाकून दिलं तर दोन दिवस अबोला धरला होता. ही रॅकूनबाई शिस्तीची. इकडेतिकडे घाण करायची नाही, एकच जागा ठरवून घ्यायची. तिने पेंढ्याच्या थप्पीचा सपाट माथा ठरवला होता.

"बाबा, वरचा थर नको," मी म्हटलं. "तिथे तिची हागणदारी आहे."

"मग? झटकून घिऊ."

"झटकून जात नाही. त्यात जंतांची अंडी असतात, डोळ्यांना दिसतसुद्धा नाहीत. पोराच्या पोटात गेली तर अळ्या डोळ्यांत शिरतात, मेंदूत शिरतात. आणि विष्ठा वाळली म्हणून अंडी मरत नाहीत, वर्षानुवर्षं टिकतात."

सासऱ्यांनी टोपी मागे सारली. "आईक रं नील! तुझी बायकू कालिजात जाऊन गू शिकून आलीया."

वर्नाआई हसून हसून वाकल्या. "अगं पोरी, आमी ह्याच माळ्यावर लोळून मोठं झालो. काय झालं आमास्नी?"

यावर मला बोलता आलं असतं, पण त्या घरात जेवायचं होतं.

नीलने खाली माझ्याकडे पाहिलं, मग बापाकडे पाहिलं, आणि हातमोजे चढवून वरचा थरही खाली लोटला. माझ्या नवऱ्याचं मत म्हणतात ते हे एवढंच.

आणि हेच सासरे! दुधाची गाडी आली की ड्रायव्हरला बूट धुतल्याशिवाय दूधघरात पाऊल टाकू देत नाहीत. गाईच्या सडाला चार वेळा फडकं. आपल्या नातवाच्या तोंडाला मात्र झटकलेला पेंढा चालतो. मोठं घर, पोकळ वासा.

सकाळी ढीग चर्चच्या अंगणात सजला. दोरीपलीकडे पोरं रांगेत, मागे आया. जत्रेची सगळी सूत्रं ग्लॅडिसबाईंकडे, हातात माइक. मी त्यांना बाजूला घेऊन सगळं सांगितलं.

"मार्नी," त्यांनी माझा गाल थोपटला, "पैल्या लेकराला असंच व्हतं. चवथं झालं की आई मातीचा बी घास मोजत न्हाय. जा, लिंबूपाणी घे."

"ग्लॅडिसबाई, एक पोर आंधळं झालं तर लिंबूपाणी कोण पाजणार?"

"जत्रंत असं बोलू नये गं!" म्हणत त्या माइककडे वळल्या.

मी इवरला नीलच्या अंगावर दिलं, दोरी ओलांडली आणि ढिगात हात घातला. दुसऱ्याच मुठीला सापडलं. गोळीच्या कागदाला वाळकी, काळी विष्ठा चिकटलेली, तिच्यात चेरीच्या बिया जशाच्या तशा. कागद झटकला, अगदी सासऱ्यांच्या पद्धतीने, आणि सगळ्यांदेखत त्यांच्यासमोर धरला.

"घ्या बाबा. झटकलीय. आधी तुम्ही चघळा, मग पोरं सोडू."

लोक हसायला लागले. "घे की ऑर्लिन! सून मान देतीया!"

सासऱ्यांचे कान लाल झाले. मागे हटले तर आजोबांचा मान गेला. त्यांनी गोळी घेतली, त्या बोटांनीच कागद सोडला, तोंड उघडलं...

"ऑर्लिन, घालू नगंस तोंडात!" वर्नाआईंनी त्यांचं मनगट धरलं. "त्या थरावर बोटबोट घाण हुती! म्या सवता बघितलीया!"

 मग एका आईने पोर उचललं, दुसरीने उचललं, आणि बघता बघता रांग मोडली. नवऱ्याला नको ती घाण नातवाला चालत होती, हे वर्नाआईंच्या तोंडून गावाने ऐकलं.  

मी साबणाने हात धुतल्यावर नीलने इवरला माझ्याकडे दिलं आणि कोणी न सांगता फावडं उचललं. लग्नानंतर पहिल्यांदा त्याचं मत मला हातमोज्यांशिवाय दिसलं, तर मीच ओरडून ते परत घालायला लावले. पेंढा मागच्या पडीक जागेत नेऊन पेटवला. अशी अंडी औषधाच्या पाण्याने मरत नाहीत, जाळावीच लागतात. सासऱ्यांनाही मी हातांना दोनदा साबण लावायला लावला. गोळ्यांचा नवा डबा फुटला आणि पोरं साध्या गवतातच वेचायला धावली. त्यांना काय, गोळीशी कारण.

तेवढ्यात माइक खरखरला.

"मंडळी," ग्लॅडिसबाई सांगत होत्या, "लेकरांच्या जिवासाठी आपल्या ऑर्लिनभाऊंनी वाडवडिलांच्या मानाचा पेंढा सवता जाळायला दिला! असा माणूस गावात हाय म्हणून गाव हाय. पुढल्या साली बी पेंढा त्यांचाच!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. सासऱ्यांनी टोपी काढून चौफेर मान लववली. पडलं तरी नाक वर. मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, "बघितलंस? जबाबदारी म्हणत्यात ह्याला. कालिजात शिकवत न्हाईत."

मी टाळ्या वाजवल्या नाहीत. तोंडाकडे निघालेल्या इवरच्या दोन्ही मुठी धरून ठेवल्या होत्या.