मेंढ्यांनी आखलेलं रान

रेणूनं ग्रामपंचायतीच्या टीव्हीला लॅपटॉपची वायर जोडली, आणि पडद्यावर अजून काहीच नव्हतं तरी सतरंजीवरची माणसं सरसावून बसली. तातेराव मात्र खुर्चीत मागे रेलून होते. राधाकिसनच्या मेंढ्या रोज आपल्या तुरीत शिरतात, सबब गायरानातली वाट बंद करावी, असा त्यांचा अर्ज होता. वाट बंद झाली तर राधाकिसनना कळप विकावा लागणार, हे बसलेल्या सगळ्यांना ठाऊक होतं.

रेणू राधाकिसनची मुलगी. जालना शहरात एका बियाणे कंपनीत नकाशे करायची. तिथल्या संगणकाच्या भाषेत रेघ कशी ओढायची ते सांगावं लागत नाही. काय दिसायला हवं तेवढं लिहायचं, बाकीचं यंत्रातलं ग्राफिक्स कार्ड निस्तरतं. हे ऐकून तिची आई वडिलांकडे बघत म्हणाली होती, "तुझे दादा बी तसेच. च्या पाह्यजे म्हणायचं, बाकी मी हायच."

पावसाळाभर रेणूनं कळपाला पुढे नेणाऱ्या चार मेंढ्यांच्या गळ्यात ठिकाण टिपणारे पट्टे बांधले होते. नियम एकच लिहिला होता: जिथं पावलं जास्त, तिथं रंग गडद.

काल घरी तिनं नकाशा पहिल्यांदा उघडला. तातेरावांच्या तुरीत एक बारीक रेघ शिरली होती, एकाच दिवसाची. फिक्या रेघा दाखवू नकोस, एवढी एक ओळ पुरे होती. तिनं ती लिहिलीही. मग राहवेना, म्हणून दादांना विचारलं.

"गेल्त्या की दोघी, पोळ्याच्या दिवशी," राधाकिसन म्हणाले. "गेल्त्या तर दिसू दे."

तिनं ओळ खोडली.

आता टीव्हीवर लाखभर ठिपके एका दमात उमटले. गायरान तपकिरी, वाट जवळजवळ काळी. आणि मधोमध एक पांढरा तुकडा.

"ते काऊन सोडलं?" तातेराव पुढे झुकले.

"मी काहीच न्हाई सोडलं, काका. शेताच्या हद्दी यात टाकल्याच न्हाईत. नुसत्या मेंढ्या हायेत."

तातेराव उठले. पांढऱ्याच्या कडेनं त्यांचं बोट फिरू लागलं: विहीर, बाभळीचा कोपरा, मागच्या साली घेतलेला वरचा पट्टा. कुठंही कुंपण नव्हतं, तरी रान बरोबर त्यांचंच होतं. बोट बारीक रेघेवर थांबलं.

"अन् ही?"

"पोळ्याची," राधाकिसन मागून म्हणाले. "दोघी शिरल्त्या. मीच हाकलून काढल्या."

"मंग रोज तूर कोण खाऊन राह्यलं?"

कोणी रोह्यांचं, म्हणजे नीलगायींचं, नाव घेतलं, कोणी रानडुकरांचं. तातेरावांनी अर्जाची घडी करून ती खिशात घातली.

"राधाकिसन, तूर निघाली की कळप आण माझ्या रानात. आठ दिवस बसव. लेंडीखत व्हईल."

राधाकिसननी मान डोलावली.

रेणूनं वायर गुंडाळली. पट्टे मेंढ्यांच्या गळ्यातच राहू द्यायचे, हे तिनं ठरवून टाकलं. नियमात काही बदलायची गरज नव्हती. माघापर्यंत ते पांढरं आपोआप भरणार होतं.