चार फूट उभं पाणी

मी नदीतला मोजखांब बोलतोय. बिडाचा आहे, दहा फूट उंच. छातीवर पांढऱ्या इनॅमलची पट्टी आणि तिच्यावर फूट-इंचांचे काळे आकडे. माणसं माझ्याकडे बघून नदीत पाणी किती ते वाचतात. मी पाणी आणत नाही की अडवत नाही. आहे तेवढं सांगतो, बस्स.

तरी एका माणसाने माझ्या तोंडून खोटं वदवून घेतलं आणि शिक्षा झाली दुसऱ्यालाच. त्या दिवसापासून मी सुडाची वाट बघत उभा राहिलो. बिडाला गंज चढतो म्हणतात. माझ्या अंगाला चढला, रागाला नाही.

माझा जन्म एका दूरच्या ओतशाळेत झाला. शेजारीच उंच भट्टी होती. तिच्या भिंतींभोवती पोकळ पेट्या बसवलेल्या आणि त्यांतून रात्रंदिवस पाणी खेळत असे. आत लोखंड वितळेल अशी आग, बाहेर पाणी. मधली भिंत त्या पाण्याच्या जिवावर उभी. एक म्हातारा ओतारी नव्या गड्यांना बजावायचा, "कोळसा संपला तर भट्टी उपाशी राहील रे बाबा. पाणी संपलं तर मरेल." जन्मल्या-जन्मल्या ऐकलेलं हे वाक्य मी विसरलो नाही.

तिथून मला या नदीवर आणलं आणि उथळ जागी, दोन खडकांच्या मधून पाणी खळखळत जातं तिथं, पक्कं रोवलं. माझी निगा एका मोजणीदाराकडे आली. किडकिडीत माणूस, कानावर पेन्सिल, पाटलोण गुडघ्यापर्यंत दुमडलेली. सकाळी सातला आणि संध्याकाळी पाचला तो पाण्यात उतरे आणि म्हणे, "काय राव, आज किती?" मग खिशातल्या वहीत पेन्सिलीने दोन गोष्टी टिपून घेई. पाणी किती, ही पहिली. दुसऱ्या रकान्यात फक्त एक शब्द: 'वाहतं' किंवा 'उभं'.

नदीकाठी शाई चालत नाही, शिंतोडा उडाला की आकडा पसरतो. म्हणून तो इथं पेन्सिलीने लिही आणि घरी जाऊन मोठ्या चोपडीत शाईने उतरवी. चोपडी कचेरीत जाई. पेन्सिलीच्या वह्या घरच्या ट्रंकेत पडत. बायको चिडवायची म्हणे, "लोक ट्रंकेत लुगडी ठेवतात, आमच्याकडे नदी ठेवलीय."

चौदा वर्षं आमचा हा संसार चालला. त्यांतल्या नऊ उन्हाळ्यांत तीन-चार आठवडे तरी त्याने 'उभं' लिहिलं. खडकांमधली धार तुटायची, जागोजागी डबकी राहायची. नदी वाईट नव्हती. तिचा स्वभावच तसा होता, आणि तो त्याला माझ्याइतकाच ठाऊक होता.

मग मुख्य अभियंता आला. सगळे त्याला साहेब म्हणत. मी म्हणणार नाही.

झाडाखाली टेबल मांडून त्याने नकाशा पसरला आणि चार कोपऱ्यांवर चार दगड ठेवले. पोलादाचा कारखाना काढायचा होता. माणूस हुशार होता, हे मला कबूल करावंच लागेल. मूर्खाचा इतका राग कोण धरतो? तो सांगू लागला, "हे खनिज बघा. अर्धं लोखंड, अर्धी माती. ती माती शंभर कोस आगगाडीतून फिरवायची कशाला? ज्या मालाचं वजन भट्टीत जळून जातं, भट्टी त्याच्या उशाशी हवी. खनिजाचा डोंगर इथून बारा मैल. चुनखडीची खाण चार मैल. कोळसा लांब आहे, पण रेल्वेचा फाटा दारात. ज्या डब्यातून कोळसा येईल, त्याच डब्यातून परतीला तयार पोलाद जाईल, डबा रिकामा धावणार नाही. जमीन सपाट, कामाला माणसं भरपूर. आणखी काय हवं?"

"पाणी," मोजणीदार म्हणाला. तो टेबलाच्या कडेला टोपी हातात धरून उभा होता.

"ही काय नदी नाही?"

"आहे साहेब. पण खाली तीस मैलांवर दोन नद्या मिळतात ना, तिथलं पाणी आटत नाही. इथलं आटतं."

अभियंत्याच्या कपाळाला आठी पडली. त्या संगमावर कारखाना काढावा असं त्याच्या प्रतिस्पर्ध्याचं मत होतं. याने तर 'खनिजाशेजारीच' असा अहवाल छापूनही टाकला होता. छापलेलं मत गिळणं शिकलेल्या माणसाला फार अवघड जातं.

महिन्याभराने जागा पसंत करायला समिती येणार होती, ऐन उन्हाळ्यात. ती यायच्या दोन दिवस आधी सहा गडी पहारी घेऊन आले आणि त्यांनी मला खडकांतून उपटलं. अर्धा मैल खाली नेऊन एका डोहात उभं केलं. मोजणीदार धावत आला.

"साहेब, हा डोह आहे! इथं नदी आटली तरी पाणी दिसणार!"

"समितीतले लोक वयस्क आहेत. त्यांना खडकांवर चढवू का? इथं पायऱ्या आहेत."

"पण हे उभं पाणी आहे, साहेब."

"उभं असो नाहीतर आडवं झोपलेलं, पाणीच आहे ना?" गडी हसले. मोजणीदार हसला नाही.

समिती आली. त्रेचाळीस पायऱ्यांपैकी दहाच उतरून त्यांनी डोळ्यांवर हात धरून मला वाचलं. "चार फूट! भर उन्हाळ्यात चार फूट!" आणि सगळे जेवायला गेले.

इथं माझा जीव अडकतो. मी चार फूट दाखवले आणि तिथं चार फूटच पाणी होतं. आकडा खरा आणि साक्ष खोटी, असं होऊ शकतं का? मी हजारदा स्वतःला विचारलंय. खांबाला जीभ नसते, ही सबब मला पुरत नाही.

त्या संध्याकाळी मोजणीदाराने चोपडीत लिहिलं, 'चार फूट. उभं.' आठ दिवसांनी त्याला कामावरून काढलं. कागदावर कारण दिलं होतं: 'आकडे विश्वासार्ह नाहीत. रकाने मनाचे भरतो.' ज्याने चौदा वर्षांत एक इंच इकडचा तिकडे केला नाही त्याला! तो कागद घेऊन तो एकदा माझ्याजवळ आला, तळच्या पायरीवर बसला. "राव, तू तरी सांगायचं होतंस," एवढंच म्हणाला.

त्यानंतर आकड्याचं काम त्याला कोणी दिलं नाही. तो चुनखडीच्या खाणीत दगड फोडायला गेला. तीच चुनखडी त्याच कारखान्याला जाई. दगडाच्या भुकटीने हळूहळू त्याचे डोळे गेले.

कारखाना उभा राहिला. पंपघर नेमकं माझ्यासमोर बांधलं आणि त्याच्या भिंतीत संगमरवरी पाटी बसवली. वर अभियंत्याचं नाव, खाली ओळ: 'या नदीच्या अखंड प्रवाहावर विसंबून.' रोज सूर्य उगवला की ती पाटी चकाकायची आणि मला वाचावी लागायची.

पुढची नऊ वर्षं पाऊस भरभरून पडला. अभियंत्याला मानसन्मान मिळाले. मी पोटापर्यंत पाण्यात उभा राहून जळत होतो. पाण्यात राहूनही जळता येतं, हे मला तेव्हा कळलं. त्याने डोहाखाली बांधही घातला. पण बांध पाणी अडवतो, जन्माला घालत नाही.

या काळात पंपघरावर एक नवी बाई लागली. तिने पाटलोण दुमडली, पाण्यात उतरली आणि मला म्हणाली, "काय राव, आज किती?" मोजणीदाराची लेक! कारखाना आल्यावर गावात दुसरं काम उरलं नव्हतं. वर्षांमागून वर्षं गेली, ती पंपघराची मुख्य झाली. तिच्या वहीतही दोन रकाने होते.

मग लागोपाठ दोन वर्षं पावसाने ओढ दिली. त्या उन्हाळ्यात वरच्या खडकांतली धार तुटली. चार पंप डोह उपसत राहिले. तीन फूट दहा. तीन फूट एक. दोन फूट चार. एकेक इंच उघडा पडत होता आणि मी मोजत होतो, शत्रूच्या दारात पावलं मोजावीत तसा. लेकीने सहा पत्रं वर पाठवली: पाणी उभं आहे, भट्टी वेळेत थंड करा. वरून उत्तर आलं, "नदी आटल्याची नोंद नाही. घाबरू नये."

बाराव्या दिवशी दुपारी पंपांनी पाण्याऐवजी हवा ओढली. आतड्यांतून आवाज यावा तसे ते गुरगुरले. भट्टीत जाणारी हवेची फुंक घाईघाईने बंद केली. माणसं वाचली, पण भट्टीच्या पोटातलं लोखंड तिथंच थिजलं, घराएवढा एक गोळा. म्हाताऱ्या ओताऱ्याचं वाक्य खरं झालं.

मला आनंद झाला. सांगू नये, पण झाला. मग कारखाना बंद पडला आणि पंपघरासमोरून बोचकी घेऊन माणसं जाताना दिसू लागली. कडेवर पोरं, डोक्यावर भांडी. त्यांनी माझं काय वाकडं केलं होतं? तेव्हा मला वाटलं, हा माझा सूड नव्हे, हे त्याचंच आणखी एक पाप आहे. माझा सूड अजून बाकी आहे.

चौकशी बसली. चौकशीच्या अधिकारी बाई कडक होत्या. अभियंता आता सत्तरीचा, काठी टेकत आलेला. पंपघरातच बैठक भरली. तो म्हणाला, "असा दुष्काळ इतिहासात कधी पडला नाही. याला माणूस काय करणार?"

"जुने आकडे?" बाईंनी विचारलं.

"खांब हलवल्यानंतरचेच आहेत. आधीचे विश्वासार्ह नव्हते, म्हणून नष्ट केले."

लेक उठली. "पेन्सिलीच्या वह्या आमच्या ट्रंकेत आहेत. चौदा वर्षांच्या."

अभियंत्याची काठी फरशीवर सरकली, ती मला खालपर्यंत ऐकू आली.

"आणा," बाई म्हणाल्या.

"आणते. पण वाचण्याआधी साहेबांनी एकदा खाली उतरून खांब वाचावा. माझ्या बाबांसमोर. त्या वेळी समितीने दहा पायऱ्यांवरूनच वाचला होता."

अभियंता म्हणाला, "हा काय पोरखेळ आहे?"

"त्रेचाळीस पायऱ्या आहेत," बाई थंडपणे म्हणाल्या. "मीही येते."

मोजणीदाराला लेकीने हाताला धरून आणलं. डोळे पांढरे झालेले, पण कानावर पेन्सिल होती. त्याला तळच्या पायरीवर बसवलं, त्या दिवशी बसला होता तिथंच. अभियंता एकेक पायरी उतरत आला. माझ्या पायाशी भेगाळलेला गाळ होता आणि एक मेलेला मासा.

"वाचा साहेब," लेक म्हणाली.

त्याने माझ्याकडे बघितलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच एवढ्या जवळून. "शून्य," तो पुटपुटला.

"मोठ्यानं. बाबांना कमी ऐकू येतं."

"शून्य!"

म्हाताऱ्या मोजणीदाराने मान त्या आवाजाकडे वळवली. आवाजात राग नव्हता, जुनी सवय होती. "वाहतं की उभं?"

अभियंत्याने काठीच्या टोकाने गाळ उकरला. चौकशीच्या बाईंनी पेन उघडून धरलं होतं.

"रकाना मोकळा ठेवायचा नसतो, साहेब," म्हातारा म्हणाला. "वाहतं की उभं?"

"काहीच नाही," अभियंता म्हणाला. त्याचा आवाज पंपांसारखाच झाला होता, नुसती हवा. "पाणीच नाही."

"मग तसं लिहा. आणि त्या वेळी?"

अभियंत्याने काठी गाळात रोवली. "उभं होतं," तो म्हणाला. "तुम्ही सांगितलं होतं."

बाईंनी ते लिहून घेतलं, तारीख घातली आणि अभियंत्याची सही घेतली. मग लेकीने आणलेल्या, मोजणीदाराला कामावरून काढल्याच्या कागदावर आडवी रेघ मारून खाली लिहिलं: 'आकडे विश्वासार्ह होते.' लेकीने ते वडलांना तीनदा वाचून दाखवलं. चौथ्यांदा तो म्हणाला, "पुरे गं, पाठ झालं."

मोजणीदार आता नाही. लेक खालच्या संगमावर गेली, तिथं नवी भट्टी उभी राहते आहे. खनिज तीस मैल जास्त फिरतं, पण भट्टी जगते. मी इथंच आहे. पाऊस आला की नदी येते, माझ्या छातीपर्यंत चढते, उन्हाळ्यात निघून जाते. वाचायला कोणी येत नाही.

परवा दोन माणसं ती संगमरवरी पाटी काढायला आली होती. अभियंत्याच्या घरच्यांनी पाठवली असावीत. छिन्नी बोथट निघाली, म्हणून माणसं परत गेली. पुन्हा येतील.

वाचकहो, एक मागणं आहे. त्यांना पाटी काढू देऊ नका. मलाही उपटून खडकांत नेऊ नका, रंगवू नका. मी कठोर बोलतोय का? असेन. पण आम्ही दोघं असेच समोरासमोर राहू द्या: वर त्याचा अखंड प्रवाह, खाली माझं शून्य. नवी जागा शोधायला निघालेल्या हुशार लोकांना इथं घेऊन या, भर उन्हाळ्यात. आणि त्रेचाळीसच्या त्रेचाळीस पायऱ्या उतरायला लावा.