खिळ्याच्या बदनामीचं कडवं

तोफेनं आयुष्यात एक ओळ कागदावर लिहिली नाही. चौतीस वर्षं रॅप केलं, सगळं डोक्यात. ‘वही कारकुनाला लागते,’ असं तो मुलाखतीत ऐटीत सांगायचा. आता त्या डोक्यानंच राजीनामा दिला होता, तोही नोटीस न देता.

गेल्या कार्यक्रमात तो मधेच गप्प झाला. लोकांना वाटलं, ही अदा आहे. चार मिनिटांनी त्यांचा गैरसमज दूर झाला. आता शनिवारी शेवटची संधी होती. आयोजकानं बजावलं, “या वेळी अडकलात, तर पुन्हा माइक विसरा.” लोकांना हवं होतं एकच कडवं, खिळा नावाच्या दुसऱ्या रॅपवाल्याची सालटी काढणारं. शिव्यांपायी कॅसेटवाल्यांनी ते कापलं होतं. ते फक्त स्टेजवर जगलं.

“अख्ख्या जगात ते पाठ असेल कुणाला?” बायकोनं विचारलं आणि तिलाच उत्तर सुचलं.

खिळा हा तोफेचा जुना वैरी. त्या कडव्यानंतर त्याला कुणी स्टेजवर बोलावलं नाही. आता त्याचं इस्त्रीचं दुकान होतं. नवरा-बायको तिथं पोचले.

“वहिनी, माझी अब्रू काढायला माझीच मदत?” इस्त्री उभी करत खिळा म्हणाला.

“भाऊजी, आठवतंय का तेवढं सांगा.”

खिळ्यानं टेबलावर ठेका धरला.

“तोंड उघडतो खिळा तेव्हा कुत्री कान झाकतात,
डुगडुगत्या टेबलाखाली ह्याची कॅसेट टाकतात!

...पुढची माझ्या आईवर आहे. म्हणू?”

“म्हण,” तोफ म्हणाला. लाजायलाही सवड नव्हती.

तीन दिवस तोफ दुकानातल्या स्टुलावर बसून घोकत राहिला. चौथ्या ओळीला गाडी घसरायचीच. कागद घेऊन स्टेजवर जाणं म्हणजे धोतर विसरून जाण्यासारखं. शुक्रवारी त्यानं खिळ्याचे हात धरले.

“माझ्या मागे उभा राहा. मी अडकलो की ओळ तू उचल.”

रॅपवाल्यांत अशी रीतच असते. मागचा माणूस ओळींची शेपटं धरतो.

“म्हणजे मी माझ्याच थोबाडात मारायची? माइकवरून?”

“पाया पडतो तुझ्या.”

खिळा बराच वेळ एका कॉलरवर इस्त्री फिरवत राहिला. “शर्ट कुठला घालू?”

शनिवारी तोफ तिसऱ्याच ओळीला थांबला. खिळ्यानं पुढचं सगळं म्हटलं, आईसकट, एक शब्द न गाळता. लोक उभे राहिले. दोन वैरी एका स्टेजवर! बाजूच्या पडद्याआड वहिनी डोळे पुसत टाळ्या वाजवत होत्या.

तोफही पोट धरून हसत होता. माइक खाली करून तो खिळ्याच्या कानाशी वाकला.

“कडक आहे रे! पण हा खिळा म्हणजे कोण?”

खिळ्यानं एकदा वहिनींकडे पाहिलं. त्यांना ऐकू गेलं नव्हतं.

“होता एक,” तो म्हणाला. “चल, लोकांना हात कर.”