सरळ झाडांची वस्ती

शिवतेजचं लग्न जमलं तर आपल्या पदरात काय पडणार, याचा हिशेब जोतिबानं कैक वेळा मांडून पाहिला होता. सून येणार, म्हणजे चूल दुसऱ्याच्या हातानं पेटणार. सकाळी ‘उठला व्हय मामंजी’ असं कुणीतरी विचारणार. बायको रंगूबाई वारल्यापासून तो जे काही बोलायचा ते म्हशीशी, आणि म्हैस ऐकून घ्यायला चांगली असली तरी उत्तराला कच्ची. पोरगा मलकापुरात ट्रकवर ड्रायव्हर. बायको वर पठारावर ठेवली की शनिवार-रविवार तोही वर येणार. एका सुनेत दोन माणसं. याहून फायद्याचा सौदा सगळ्या पाटण तालुक्यात नव्हता.

अडचण एकच, वाऱ्याची.

पठारावरच्या जोतिबाच्या आठ-नऊ घरांच्या वस्तीला खालची गावं ‘उडती वाडी’ म्हणत. आषाढात तिथं कोंबड्यासुद्धा दाव्यानं बांधतात, असं सांगत, आणि त्यात फारसं खोटं नव्हतं. तिथं पोरगी द्यायची म्हटलं की सोयरे पंचांग मिटून घेत. म्हणून वस्तीनंही आपली एक रीत पाडली होती. पाहुण्यांना घर बघायला बोलवायचं ते मार्गशीर्षात, वारा पडल्यावर. आदल्या दिवशी, छपरं उडू नयेत म्हणून वर ठेवलेले दगड उतरवून परड्यात लपवायचे. आणि वाऱ्यानं एका अंगाला लवलेली, वाटेवरून दिसणारी हिरड्याची झाडं आधीच तोडून टाकायची. आडोशाला सरळ वाढलेली तेवढी ठेवायची. या रीतीनं वस्तीत पाच सुना आल्या होत्या. त्यातल्या तीन टिकल्या.

सत्त्याण्णवच्या मार्गशीर्षात पलूसचं स्थळ सांगून आलं. पाटाच्या पाण्यावरचा ऊस, पोरगी दहावी पास, नाव संयोगिता. मंडळी सोमवारी येणार होती. रविवारी जोतिबा नुकताच छपरावरून उतरला होता, तेवढ्यात खांद्याला पिशवी लावलेला एक शहरी तरुण धापा टाकत अंगणात आला. सोयरिकीआधी मुलीकडचे गुपचूप चौकशीला माणूस धाडतात, हे जोतिबाला कुणी शिकवायला नको होतं.

“कुनीकडचं पाव्हणं?”

“सांगलीचा मी. वरद आगाशे.”

सांगली म्हणजे पलूस, एवढा भूगोल जोतिबाला पुरला. त्यानं घोंगडं अंथरलं, पाण्याचा तांब्या ठेवला.

“आजोबा, इथं वारा कसा असतो?”

जोतिबा मनात हसला. पाहुण्यानं थेट दुखऱ्या जागेवर बोट ठेवलं होतं.

“असतोय की. श्वास घ्याय पुरता.”

“पावसाळ्यात छपरं वगैरे उडतात का?”

“आमची न्हाईत उडत. त्या समोरच्या डोंगरावरची उडत्यात. तिकडं लय वारं. पोरी देत न्हाई त्यांना कुनी.”

वरदनं पिशवीतून नकाशा काढला आणि समोरच्या डोंगरावर पेन्सिलनं खूण केली. मग खरं काय ते सांगून टाकलं. “आम्हाला पवनचक्क्या उभारायच्यात. वाऱ्यावर वीज. जर्मनीत, डेन्मार्कात हजारोंनी उभ्या आहेत. तिथल्या कंपन्यांची यंत्रं आता आपल्याकडंही यायला लागलीत. डेन्मार्कात तर शेतकरी भागीदारीत पवनचक्की घेतात.”

“साखर कारखान्यावानी?”

“तसंच. फक्त ऊस लागत नाही.”

“आन् चेरमन?”

“तो लागतोच.”

जोतिबाला माणूस आवडला. चौकशीला येणारे ‘वासरू चुकलंय, दिसलं का’ एवढीच थाप घेऊन येतात; हा डेन्मार्क घेऊन आला होता. पलूसवाले मालदार दिसत होते.

वरद उठला, चारी बाजूंना नजर फिरवली आणि जरा हिरमुसला. “झाडं सरळ आहेत तुमच्याकडं. वारा असतो तिथली झाडं वाकलेली असतात.”

“मग? मी काय म्हन्लं?”

सोमवारी खरे पाहुणे आले. पोरीच्या बापानं छपराकडं पाहिलंही नाही. “दगडं कवा उतरवली?” एवढंच विचारून तो चहा प्यायला. “आवं, वाऱ्याचं काय एवढं? पंखा घ्याचा वाचंल. रस्ता न्हाई, त्याचं वाईट वाटतंय.” तरी पोरीला पोरगा पसंत होता, आणि वैशाखात लग्न लागलं.

त्या आषाढात वारा आला तो आपल्या नेहमीच्या तालात. एका दुपारी दाराची कडी निघाली, तेव्हा सासरा आणि सून दोघं आतून दाराला पाठ लावून अंधार पडेपर्यंत बसली. संयोगितानं पलूसच्या शाळेतल्या, मावशीच्या, पाटात पडलेल्या रेडकाच्या गोष्टी सांगितल्या. वाऱ्यात ऐकू यावं म्हणून ती ओरडून सांगत होती आणि जोतिबा ओरडून ‘व्हय का’ म्हणत होता. इतकं बोलणं त्या घरात कैक वर्षांत झालं नव्हतं. दार असंच निघालेलं राहावं, असं त्याला वाटून गेलं.

पुढल्या उन्हाळ्यात समोरच्या डोंगरावर रस्ता चढला. लांबलचक ट्रेलरवरून पाती गेली, पांढरे खांब उभे राहिले. सांगलीचा माणूस खरंच पवनचक्कीचा होता, हे जोतिबाला तेव्हा कळलं. वस्तीलाही कळलं. शेजारची हरणाबाई कुंपणावरूनच म्हणाली, “भावजी, सुनंपायी तुमी वारं लपिवलं. आता त्या डोंगराला लाईट, आन् आपुन रॉकेलच्या रांगंत.”

“तुमच्या सुनंच्या टायमाला झाड कुनी तोडलं हुतं?” जोतिबा म्हणाला. हरणाबाई आत गेली. भांडणसुद्धा पुरतं झालं नाही.

शिवतेजला तिथंच क्रेनवर नोकरी लागली. डोंगराच्या पायथ्याला कंपनीची खोली मिळाली, नळासकट. “चार म्हैन्याचा प्रश्न हाय, आबा,” असं सांगून तो बायकोला घेऊन गेला. चाराचे सहा झाले. रविवार आधी एकाआड एक झाले, मग सणावारावर आले.

जोतिबा दिवसभर समोर बघत बसे. लांबून ती पाती कुणीतरी हात करून बोलावल्यासारखी दिसत. एकदा त्यानंही हात केला. मग आपल्याला कुणी बघत नाही, हे लक्षात आल्यावर आणखी थोडा वेळ केला.

नव्व्याण्णवच्या दिवाळीत तो दरी उतरून खोलीवर गेला. फराळाला साहेब आले होते, वरद आगाशेच. त्यानं जोतिबाला ओळखलं.

“बरे भेटलात, आजोबा. आणखी एक रांग टाकायचीय. वारा मोजायचा एकच खांब मोकळा आहे, वर्षभर जिथं लावीन तिथं अडकणार. सर्व्हेवाले म्हणतात तुमचं पठार बघा. मी म्हटलं, मी बघितलंय. पण आता खरं सांगा. वारा असेल तर रस्ता, वीज सगळं वर येईल. शिवतेजला घरातनं ड्युटीवर येता येईल.”

जोतिबानं हातातली करंजी ताटलीत ठेवली. असं कुणीतरी विचारावं, म्हणून तो सहा महिने थांबला होता.

“सायेब, त्या टायमाला माझी जरा…”

“आमच्याकडं वारं न्हाई, साहेब,” संयोगिता म्हणाली. ती मोरीत नळाखाली भांडी विसळत होती, वर न बघता. “मी आषाढ काढलाय तिथं. पान हलत न्हाई.”

शिवतेजनं बायकोकडं पाहिलं, मग जमिनीकडं. जोतिबानं ट्यूबलाइटकडं पाहिलं. बाहेर ओट्यावर शेजारच्या दोघी-तिघी ‘आवर की गं संयोगिता’ म्हणून हाका मारत होत्या. ती म्हातारपणापर्यंत त्या पठारावर एका म्हाताऱ्याला ओरडून गोष्टी सांगत बसणार नव्हती, आणि तिचं चुकत होतं असंही जोतिबाला म्हणता येईना.

“खरं का, आजोबा?”

“सून म्हनती त्येच खरं,” जोतिबा म्हणाला. “ती खोटं बोलत न्हाई.”

निघताना तिनं डब्यात लाडू भरून दिले, दोन माणसांना पुरतील इतके, आणि उंबऱ्यापाशी वाकून नमस्कार केला. एरवीपेक्षा अंमळ जास्त वेळ वाकली. खांब शिराळ्याच्या बाजूच्या तिसऱ्याच डोंगरावर गेला.

तर एकूण जमाखर्च असा. पहिली थाप सून घरात यावी म्हणून मारली, दुसरीनं ती कायमची बाहेर गेली. वरद आगाशेचं काही अडलं नाही. त्याला वारा दुसरीकडं मिळाला. शिवतेजला पगार मिळाला, संयोगिताला नळ आणि शेजार. हरणाबाई आणि बाकीच्या घरांनी रस्त्यावर पाणी सोडलं. त्यांची वर्गणी त्यांना न विचारताच घेतली गेली. उरलेलं सगळं जोतिबानं भरलं, एकट्यानं, रोज थोडं थोडं, दिवेलागणीपासून झोप लागेपर्यंत.